हात बदलतो तिथे काम सांडतं

गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे हिशेबाला येणाऱ्या तीन-चार छोट्या उद्योजकांनी एकच प्रश्न विचारला. कुणाला मोठ्या कंपनीने पुरवठादाराचा फॉर्म भरायला दिला होता, कुणी केंद्र सरकारच्या 'झेड' प्रमाणपत्रासाठी अर्ज करत होतं, कुणाला बँकेत कर्जाच्या कागदांबरोबर विचारलं गेलं होतं. सगळ्यांची गाडी एकाच रकान्यापाशी अडली: 'तुमच्या अंतर्गत प्रक्रियांची माहिती द्या.' एकजण तर म्हणाले, "ताई, आमच्याकडे प्रक्रिया कुठली? आमच्याकडे काम आहे, ते आम्ही करतो."

झेड म्हणजे सदोष माल शून्य आणि पर्यावरणाला त्रास शून्य, असं उद्दिष्ट ठेवणारी लघुउद्योगांसाठीची प्रमाणपत्र योजना. तिचं आजचं रूप २८ एप्रिल २०२२ पासून सुरू आहे आणि त्यात कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या आहेत. १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची व्याख्याही बदलली. आता अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा 'सूक्ष्म' गणला जातो, म्हणजे आपल्या ओळखीतले बहुतेक सगळेच. त्यामुळे हा रकाना आज ना उद्या पुष्कळांच्या समोर येणार. पण फॉर्म भरायचा नसला, तरी त्यात विचारलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते, म्हणून हा लेख.

प्रक्रिया म्हणजे नेमकं काय?

घरात पूजा किंवा मुंज ठरली की गुरुजी यादी देतात. हळद, कुंकू, सुपाऱ्या, विड्याची पानं, आंब्याचे डहाळे, पंचा. यादी वर्षानुवर्षं तीच. तरी ऐन मुहूर्ताला गुरुजी "पंचा कुठाय?" विचारतात आणि घर धावायला लागतं. काकूंना वाटलेलं असतं मामी आणणार, मामींना वाटलेलं असतं ते तर काकूंनी कालच आणलं. यादी बरोबर होती. फक्त कुणी आणायचं, केव्हा आणायचं आणि आणून कुणाच्या हातात द्यायचं, हे तिच्यात नव्हतं.

काम कसं करायचं हे सांगते ती कृती. ते काम कशाने सुरू होतं, कोण करतं, काय हातात आल्यावर करतं आणि झाल्यावर काय, कुणाच्या हातात देतं, ही साखळी म्हणजे प्रक्रिया. आपल्या छोट्या उद्योगांत कृती उत्तम असतात. मालकाला आणि जुन्या माणसांना त्या झोपेतही सांगता येतात. माल बिघडतो तो बहुतेक वेळा साखळीच्या दोन कड्यांच्या सांध्यात. नळाच्या पाइपचंही तसंच आहे. प्लंबर आला की तो पाइपाच्या मधोमध हात फिरवत बसत नाही, आधी सांधे बघतो.

परातीवरची उपडी वाटी

माझ्या आतेबहिणीचा डोंबिवलीत फराळाचा उद्योग आहे. ती धरून सात बायका. वर्षभर चिवडा, शेव, लाडू दुकानांना जातात आणि नवरात्र सुरू झालं की चकली, अनारसे, करंजीला श्वास घ्यायची फुरसत नसते. तीन वर्षांपूर्वी ऐन हंगामात एका दुपारी चकल्या तेलात पडताच फुटायला लागल्या. सोऱ्यातून नीट पडायच्या, काटेही छान यायचे आणि कढईत गेल्या की पसरून तळाशी रवाळ चुरा. एक घाणा गेला, दुसरा गेला. भाजणीला दोष दिला, मग गिरणीला, मग तेलाला. चार किलो पिठाची उकड बाजूला काढून ठेवावी लागली.

मी त्या दिवशी महिन्याचे कागद न्यायला गेले होते. शेवटी तिथल्या सगळ्यात जुन्या मावशींनी पीठ बोटांत चोळलं, तेलकट बोटं सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, "मोहन कुणी घातलं?" दोन हात वर आले. सकाळच्या बाईंनी परातीत भाजणी घेतली, त्यावर कडकडीत तेल ओतलं आणि तेवढ्यात डिलिव्हरीवाला आला म्हणून त्या दाराशी गेल्या. दुसऱ्या बाई आल्या, परात तशीच दिसली, त्यांनीही तेल ओतलं. मोहन दुप्पट झालं की चकली तेलात तग धरत नाही. दोघींना मोहनाचं प्रमाण चोख माहीत होतं आणि दोघींनी चोख तेवढंच घातलं होतं.

बहिणीने रागावून काही उपयोग नव्हता आणि ती रागावलीही नाही. त्यावर मार्ग मावशींनीच काढला. मोहन घातलं की त्या परातीवर एक स्टीलची वाटी उपडी ठेवायची. वाटी दिसली म्हणजे मोहन झालंय, पुढची बाई वाटी उचलून मळायला घेते. तेव्हापासून ती वाटी तिथे आहे, आता तिला कुणी आमटीसाठी घेत नाही. माझ्या पाहण्यात प्रक्रियेचं याहून चांगलं उदाहरण नाही. खर्च शून्य, कागद शून्य, आणि एका बाईच्या डोक्यातली गोष्ट न बोलता दुसरीपर्यंत पोचते.

हीच गोष्ट मुंबईत आणि शस्त्रक्रियागृहात

मुंबईचे डबेवाले १८९० च्या आसपासपासून हेच करत आले आहेत. घरून डबा उचलणारा वेगळा, स्टेशनवर वर्गवारी करणारा वेगळा, पलीकडच्या स्टेशनात उतरवून घेणारा वेगळा, ऑफिसच्या मजल्यावर पोचवणारा वेगळा. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातून आलेली ही माणसं, अनेकांचं शिक्षण बेताचं. पण डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरं आणि आकड्यांची खूण असते. कुठल्या स्टेशनवरून आला, कुठल्या भागात उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला, हे सगळं त्या खुणेत. डबा हात बदलतो तेव्हा माहिती डब्याबरोबरच जाते. पुढच्या माणसाने मागच्याला काही विचारायची गरजच उरत नाही.

दुसरं उदाहरण डॉ. अतुल गवांदे यांचं. अमेरिकेतल्या या शल्यविशारदांचं मूळ घराणं आपल्याकडचं, त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी आणली, त्या कामाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मोठ्या गुंतागुंतींचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं आणि मृत्यूचं दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर. डॉक्टर तेच, कौशल्य तेच.

ती यादी तीन वेळा वाचली जाते, आणि त्या वेळा बघण्यासारख्या आहेत. भूल देण्याआधी, कातडीला छेद देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी. प्रत्यक्ष कापताना शल्यविशारदाला ती काहीच सांगत नाही. रुग्ण एका टप्प्यातून दुसऱ्यात जातो, तिथे सगळ्यांना क्षणभर थांबवून विचारते: रुग्ण हाच ना, जागा हीच ना, कापसाचे बोळे मोजले ना. मावशींची वाटी परातीवर हेच विचारते.

शोधायच्या कशा? एका पाकिटामागे चाला

पुष्कळजण इथे खोल्या आणि पदं लिहायला घेतात: खरेदी विभाग, उत्पादन विभाग, विक्री विभाग. सात माणसांत विभाग कुठले? तिथे एकच बाई सकाळी खरेदी असते आणि दुपारी पॅकिंग.

त्यापेक्षा एक ऑर्डर निवडावी आणि तिचं बोट धरून चालावं. आम्ही अर्धा किलो चकलीचं एक पाकीट निवडलं. व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली, बहिणीने ती वहीत चढवली. वहीवरून वाण्याची यादी झाली. धान्य आलं, निवडून-धुऊन वाळलं, प्रत्येक डाळ वेगळी भाजली गेली, गिरणीतून दळून आली. मग मोहन, उकड, मळणं, सोऱ्या, कढई. गार झाल्यावर वजन, पाकीट, सील, लेबल. मग खोका, कुरिअर, पावतीचा नंबर ग्राहकाला, पैसे जमा झाल्याची खात्री, माझ्याकडे बिल. मी वहीच्या पानावर फक्त हात बदलला की एक आडवी रेघ मारत गेले. अकरा रेघा झाल्या.

प्रत्येक रेघेपाशी तीनच प्रश्न विचारले. देणाऱ्याने काय दिलं? घेणाऱ्याला काय लागत होतं? दोन्ही जुळलं नाही तर कुणाला कळतं? पहिल्याच रेघेपाशी घोळ निघाला. काही ओळखीचे लोक ऑर्डर भाऊजींच्या फोनवर टाकायचे, ते संध्याकाळी घरी आल्यावर सांगायचे, आणि एखाद्या संध्याकाळी राहून जायचं. ज्या ग्राहकांना "तुमची ऑर्डर मिळालीच नाही" असं सांगावं लागलं होतं, ते बहुतेक याच वाटेने आलेले.

हे करताना एक पथ्य पाळा. कामाच्या जागी जाऊन, काम चालू असताना बघा. खुर्चीत बसून मालकाला विचारलं, तर तो काम कसं व्हायला हवं ते सांगतो. माझ्या बहिणीने सांगितलं होतं की गार झाल्याशिवाय चकली पाकिटात जातच नाही. आम्ही उभ्या होतो तेव्हा कोमट चकल्या पाकिटात चालल्या होत्या, कारण गार करायला ताटंच कमी होती. हंगामाच्या शेवटी चकली मऊ पडल्याच्या तक्रारी कुठून येतात, हे तिला त्या दिवशी कळलं. सहा नवी ताटं आली आणि विषय मिटला.

मांडायच्या कशा?

सापडलेल्या कामांचे ढोबळ तीन ढीग करा. ग्राहकाच्या पैशांशी थेट जोडलेली कामं पहिल्या ढिगात: ऑर्डर घेणं, बनवणं, बांधणं, पाठवणं, वसुली. त्यांना आधार देणारी दुसऱ्यात: कच्चा माल, पगार, साफसफाई, मशीनची देखभाल. मालकानेच बघायची तिसऱ्यात: दर ठरवणं, जीएसटीच्या तारखा, अन्न परवान्याचं नूतनीकरण, नवी माणसं घेणं.

प्रत्येक कामाला एक नाव द्या आणि एकच धनी द्या. धनी म्हणजे ते काम स्वतःच करणारा असं नव्हे, ते झालं की नाही याचं उत्तर देणारा. दोन धनी असले की परातीत दोनदा मोहन पडतं.

सगळी कामं एकदम लिहायला घेऊ नका, दमछाक होते आणि आठवड्यात वही बंद पडते. आधी अशी कामं घ्या जिथे चूक महाग पडते, जी वारंवार होतात आणि जी एकाच माणसाला येतात. तिन्ही गोष्टी जिथे जुळतात ते पहिलं. बहिणीकडे ते काम भाजणी भाजण्याचं निघालं, जे फक्त मावशींना यायचं.

कार्डावर काय लिहायचं?

याला इंग्रजीत एसओपी म्हणतात, म्हणजे ठरलेल्या कामाची लिहून ठेवलेली रीत. आपण कार्ड म्हणू. बहिणीकडचं पॅकिंगचं कार्ड हे असं:

केव्हा सुरू: चकली ताटात पूर्ण गार झाल्यावर. हात लावून बघा, नुसती वेळ बघू नका.
काय हातात हवं: ऑर्डरची चिठ्ठी, लेबल, चालू वजनकाटा.
काय करायचं: काटा शून्यावर आणा, ५०० ग्रॅम भरा, सील करा, सील दाबून बघा, लेबलवर तारीख टाका.
कुणाला द्यायचं: खोका भरणाऱ्या ताईंना, चिठ्ठीसकट.
अडलं तर: तुटकी चकली निळ्या डब्यात, काटा बिघडला तर काम थांबवा.

एवढंच. कार्ड काम करणाऱ्या बाईने स्वतःच्या शब्दांत सांगायचं, मालकाने फक्त लिहून घ्यायचं. नंतर ते काम कधीच न केलेल्या माणसाच्या हातात कार्ड देऊन बाजूला उभं राहायचं, तोंड बंद ठेवून. तो जिथे अडेल तिथे कार्ड अपुरं आहे. हे कार्ड लेखा सांभाळणाऱ्या माझ्यावरच आजमावलं गेलं. मी सील दाबून बघायला विसरले, कारण ती ओळ तेव्हा कार्डावर नव्हतीच.

"आमची सातच माणसं, आम्हाला कशाला?"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त वेळा ऐकते. मोठ्या कारखान्यात एक माणूस आजारी पडला तर त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा असतो. सात जणांत एक माणूस गेला की ते काम करणारं कुणीच उरत नाही. मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने गावी गेल्या तेव्हा भाजणीचं कार्ड होतं, म्हणून चकली बंद पडली नाही. त्याच्या आदल्या वर्षी पडली असती. लिहिलेली रीत छोट्याला जास्त लागते, असं माझं ठाम मत आहे.

कागद वाढतील ही भीती मात्र खरी आहे. फाइली भरून कपाटात ठेवणारे कारखाने मी पाहिले आहेत, तिथे कामगार त्या फाइलीला हातही लावत नाहीत. गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ९००१, तेसुद्धा २०१५ च्या आवृत्तीपासून जाडजूड गुणवत्ता पुस्तिकेची सक्ती करत नाही. प्रक्रिया ओळखा, त्यांचा क्रम आणि जबाबदारी ठरवा, आणि गरजेपुरतं लिहा, एवढं ते मागतं. जिथे उपडी वाटी पुरते तिथे कागद नको.

"हाताची चव कागदावर उतरत नाही"

पूर्ण उतरत नाही, हे मलाही मान्य आहे. मावशी डाळ भाजताना वासावरून थांबतात. कार्डावर 'मंद आच, सतत हलवणे, खमंग वास सुटेपर्यंत' असं लिहिलं, तर खमंग कशाला म्हणायचं हा प्रश्न उरतोच. त्यावर बहिणीने एक केलं. मावशींच्या हातची नीट भाजलेली चणाडाळ, उडीदडाळ आणि तांदूळ अशा तीन छोट्या बरण्या भरून चुलीशेजारच्या फळीवर ठेवल्या. नवी मुलगी भाजताना आपली डाळ बरणीशेजारी धरून रंग बघते आणि दाताखाली फोडून बघते. चार-पाच हंगामांची नजर तिला एका दिवसात येत नाही, पण कच्ची किंवा करपलेली डाळ आता गिरणीपर्यंत जात नाही. बाकीचं मावशींच्या शेजारी उभं राहून शिकायचं. कार्डाने मावशींचा मान कमी झाला नाही. कार्डाखाली त्यांचं नाव आहे आणि त्यात बदल करायचा झाला तर त्यांनाच विचारतात.

"लिहून दिलं की माणूस शिकतो आणि निघून जातो"

जाऊ शकतो. पण न लिहिलेली रीत घेऊन जाणारा माणूस जास्त नुकसान करतो, कारण मागे काहीच ठेवत नाही. शिवाय चकली बनवता येणं आणि अकरा सांधे सांभाळून दोनशे पाकिटं वेळेवर पोचवता येणं, यात बरंच अंतर आहे. एका कामाचं कार्ड एका कामापुरतंच असतं.

सॉफ्टवेअर घेतल्याने सुटेल का, असंही विचारतात. सांधे आधी ठरले असतील तर मदत होते. ठरले नसतील, तर भाऊजींच्या फोनवरची ऑर्डर सॉफ्टवेअरमध्येही चढत नाही.

स्कूटरच्या डिकीतली चलनं

आता माझ्या स्वतःच्या विषयाकडे येते, कारण सगळ्यात महाग गळती मला इथे सापडली. दुकानांना माल जायचा तेव्हा पोचवणारा मुलगा चलनावर, म्हणजे माल पोचल्याच्या कागदावर, सही घ्यायचा आणि चलन स्कूटरच्या डिकीत टाकायचा. बहीण महिनाअखेरीला आठवेल तसं बिल करायची. एकदा स्कूटर दुरुस्तीला गेली आणि डिकीतून पावसाने चिकटलेली तीन चलनं निघाली. त्या मालाचं बिलच झालं नव्हतं. माल गेला, खाल्ला गेला, पैसे मागितलेच गेले नाहीत.

इथे कायद्याचा एक भाग ओळखून ठेवा. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि लेखी करार असला तरी ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून खरेदीदाराने मुदतीत पैसे दिले नाहीत, तर त्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच आयकरात वजा करता येतो. म्हणून बातम्यांत ४५ दिवसांचा एवढा बोलबाला झाला. पण हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. स्वीकारल्याची तारीख कशावर? डिकीतल्या त्या चलनावर. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारदरबारी नोंद, आहे, कायदा बाजूने आहे आणि सही केलेला कागद पावसात भिजलाय, तर हक्क सांगायचा कशाच्या आधारावर?

आता मुलगा दुकानातूनच चलनाचा फोटो पाठवतो, मूळ चलन संध्याकाळी भिंतीवरच्या खिळ्याला लागतं आणि सकाळी खिळ्यावर जेवढी चलनं तेवढी बिलं होतात. बिल झालं की चलन खिळ्यावरून निघून फाइलला. खिळा रिकामा दिसला की बिलं झाली, हे तिथे येणाऱ्या कुणालाही कळतं.

मालकिणीचं स्वतःचं कार्ड

बहिणीकडे आजमितीला नऊ कार्डं आहेत. झेडच्या अर्जाचा तो रकाना तिने अर्ध्या तासात भरला. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात ती तापाने चार दिवस घरी होती आणि परदेशी जाणारी पार्सलं ठरल्या दिवशी निघाली.

एक कार्ड मात्र अजून कोरं आहे. दर कसा ठरवायचा, जुन्या ग्राहकाला सूट किती द्यायची, उधारी कुणाला आणि कुठवर, हे अजून ती फोनवर बोलता बोलता ठरवते. मागच्या आठवड्यात मी तिला त्या महिन्यातली बिलं दाखवली. एकाच लाडवाचे चार दर. तिने बिलं शेजारी शेजारी लावली, बराच वेळ बघत राहिली, मग ड्रॉवरमधून कोरं कार्ड काढलं आणि वर लिहिलं, 'केव्हा सुरू:'. तेवढ्यात फोन वाजला. कार्ड टेबलावरच आहे, नवरात्राच्या आधी ते भरायचं आमचं ठरलं आहे.